स्टेनलेस भांड्यास तोटी बसवितांना

भांडें विकत घेतांना आपण तें दहा वेळां वाजवून पाहतों, झांकण नीट बसतें कीं नाहीं तें तपासतों, बुडाशीं बोट फिरवितों. परंतु त्याच भांड्यास भोंक पाडावयाची वेळ आली कीं घरांत जें हत्यार हाताशीं येईल तें उचलतों. चुकलेली शिवण उसवून पुन्हां घालतां येते, खारट झालेली आमटीहि पाणी घालून सांवरतां येते. वांकडें पडलेलें भोंक मात्र बहुधा भांड्यासह भंगारांत जातें. म्हणून स्टेनलेस पोलादास भोंक कोणत्या हत्यारानें पाडावें, या दिसावयास क्षुल्लक पण घरोघर उपयोगीं पडणाऱ्या विषयाचा विचार आमच्या वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

भंडारा जिल्हा हा भांड्यांचा जिल्हा. 'भाणें' म्हणजे जेवणाचें ताट. त्यावरूनच भंडारा हें नांव पडलें असें एक मत आहे, आणि पितळी भांड्यांकरितां त्या शहराची ख्याति फार जुनी आहे. याच जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, मध्यप्रदेशाच्या सीमेपासून फार दूर नसलेलें सिहोरा हें गांव आहे. चांदपूरचा मोठा तलाव जवळ, आणि भोंवतीं भाताचीं शेतें. अशा गांवांतील जुन्या घरांच्या माळ्यावर शोधलें तर पितळेचे गुंड, तांब्याच्या घागरी आणि घंगाळें सांपडावयाचीं; रोजच्या वापरांत मात्र आतां स्टेनलेस पोलादच आहे. कांहीं भांडीं लग्नामुंजींतील आहेराचीं, कांहीं जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून घेतलेलीं. पूर्वीं पितळेच्या भांड्यास तोटी बसवावयाची तर तें काम तांबटाचें असे, व कल्हईसारखेंच तें सहज होऊन जाई. परंतु पितळेवर बसलेला हात आणि पितळेचीं हत्यारें पोलादावर तशींच चालविलीं कीं काम फसतें. तें कां फसतें हें एकदां कळलें म्हणजे कोणतें हत्यार घ्यावें याचें उत्तर जवळ जवळ आपोआप मिळतें.

प्रथम, भोंक पाडावयाचें तरी कशाला, असें कोणी विचारील. एकत्र कुटुंबांत पंधरावीस माणसें एकाच पिंपांतून पाणी घेतात. वडील माणसें ओगराळें वापरतील. पण खेळून आलेलें मूल पेला बोटांसह पाण्यांत बुडवितें, व त्या बोटांबरोबर अंगणांतील घाणहि पाण्यांत उतरते. पाणी विहिरीवरून कितीहि स्वच्छ आणलें, उकळून गार केलें, तरी घरांतील या शेवटच्या पायरीवर तें बिघडतें. आफ्रिकेंतील मलावी देशांत निर्वासितांच्या एका छावणींत याची पद्धतशीर परीक्षा झाली व तिचा वृत्तांत २००१ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं कुटुंबांस हात घालतां येऊं नये अशा तोंडाची, झांकणाची व तोटीची बादली दिली, आणि इतरांस नेहमींचीच भांडीं वापरूं दिलीं. तोटीच्या बादल्यांतील पाण्यांत विष्ठेंतून येणारे जंतु सरासरीनें ६९ टक्क्यांनीं कमी आढळले. औषध नाहीं, यंत्र नाहीं. फरक फक्त हात आंत न जाण्याचा! घरांत लहान मूल असेल त्यानें या आंकड्याकडे लक्ष द्यावें.

तोटीशिवाय दुसरेहि प्रसंग आहेत. दोन डबे एकावर एक ठेवून मध्यें मातीची मेणबत्ती बसविलेला गाळणीचा संच घरीं करावयाचा तर वरच्या डब्याच्या बुडास भोंकें हवींत. परदेशांत तर या कामाचा मोठा अनुभव एका निराळ्याच मंडळींनीं मिळविला आहे. इंग्लंडमध्यें १९६३ सालीं घरगुती बिअरवरील परवान्याची अट गेली व अमेरिकेंत १९७८ सालीं तिला कायद्याची मोकळीक मिळाली. तेव्हांपासून तेथील हौशी लोक स्टेनलेसच्या मोठ्या गंगाळांना व पिंपांना तोट्या, उष्णतामापकें आणि पाण्याची पातळी दाखविणाऱ्या नळ्या स्वतःच्या हातानें बसवूं लागले. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं परवान्यावांचून घरीं मद्य करणें हा गुन्हा आहे, व सिहोऱ्याकडे मोहाचीं झाडें कितीहि फुललीं तरी तो नियम बदलत नाहीं. तेव्हां त्या मंडळींच्या पेयाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. पण पातळ पोलादाला स्वच्छ, गोल, न गळणारें भोंक कसें पाडावें हें त्यांचें शास्त्र आपल्या पाण्याच्या पिंपासहि तितकेंच लागू पडतें.

आतां या धातूच्या स्वभावाकडे वळूं. इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली हा बंदुकीच्या नळ्या झिजूं नयेत म्हणून पोलादांत क्रोमिअम मिसळून प्रयोग करीत असतां १९१३ सालीं त्यास न गंजणारें पोलाद हातीं आलें. साडेदहा टक्के किंवा अधिक क्रोमिअम असलें म्हणजे पोलादाच्या पृष्ठावर क्रोमिअम व प्राणवायु यांचा अतिशय पातळ थर बसतो व तोच गंजापासून राखण करतो. चांगल्या भांड्यांच्या पोलादांत, ज्यास बाजारांत ३०४ म्हणतात, सुमारें १८ टक्के क्रोमिअम व ८ टक्के निकेल असतें. निकेल महाग, म्हणून २०० च्या मालिकेंतील पोलादांत पुष्कळसें निकेल काढून त्याऐवजीं मँगेनीज घालतात. मँगेनीज हें नांव तुमसर तालुक्यास नवें नाहीं. डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील खाणी याच तालुक्यांत आहेत, आणि त्या चालविणारी, १९६२ सालीं स्थापन झालेली मॉइल ही सरकारी कंपनी नागपुरास आहे. मँगेनीजचें पोलाद स्वस्त पडतें व पाण्याला तें पुरेसें असतें. मात्र शिर्का, लोणचें, कांजी अशा आंबट-खारट पदार्थांस ३०४ च बरें.

या पोलादाचे दोन दुर्गुण भोंक पाडणारास आडवे येतात. पहिला असा कीं, तें उष्णता वाहून नेत नाहीं. पितळेच्या मानानें त्याची उष्णतावाहकता सातव्या हिश्श्याच्या आसपास आहे. पितळेवर ड्रिल फिरलें तर घर्षणाची ऊब भांडेंभर पसरते. स्टेनलेसवर ती तेथेंच, हत्याराच्या टोंकाशीं, सांचून राहते व टोंक भाजून बोथट होतें. दुसरा दुर्गुण अधिक कपटी आहे. या पोलादावर ताण पडला कीं तें त्या जागीं कठीण होतें. पातें कापण्याऐवजीं नुसतें घासत राहिलें कीं खालचा पृष्ठभाग दर फेऱ्याला अधिकाधिक चिवट व कणखर बनतो, आणि मग पहिल्यानें सहज गेलें असतें तें टोंक तेथें आरशासारखा चकचकीत डाग पाडून नुसतें गरगरत राहतें. निकेल कमी व मँगेनीज अधिक असलेल्या पोलादांत ही खोड आणखी वाढते. शिवाय ओढून घडविलेल्या भांड्याच्या भिंती कारखान्यांतच ताणल्या गेल्यामुळें थोड्या कठीण झालेल्या असतात, आणि बुडाच्या वळणाशीं तर विशेषच. तोटीची जागा त्या वळणावर कधींहि धरूं नये.

यावरून एकच नियम निघतो, आणि या लेखांतील बाकीच्या सर्व गोष्टी त्याच्याच शाखा आहेत: हत्यारानें सतत कापलें पाहिजे, क्षणभरहि घासतां कामा नये. त्यासाठीं फेरे सावकाश, दाब भक्कम, धार तीक्ष्ण आणि तेल मुबलक, अशा चार गोष्टी लागतात. अननुभवी माणूस नेमकें उलट करतो. पोलाद कठीण म्हणून तो यंत्र भरधांव सोडतो व भांडें चेपेल या भीतीनें हलक्या हातानें टेकवितो.

फेऱ्यांचा हिशेब डोळ्यांपुढें असावा. साध्या हायस्पीड पोलादाच्या धारेस स्टेनलेसवर मिनिटाला सुमारें १२ मीटर इतकीच धांव सोसते. त्या मानानें ५ मिलिमीटरच्या बिटास मिनिटाला साधारण ७५० फेरे, १० मिलिमीटरच्या बिटास ३८० आणि २२ मिलिमीटरच्या भोंकास अवघे १७५ फेरे योग्य होत. भिंतीला खुंट्या ठोकण्याकरितां घरोघर असलेलें विजेचें ड्रिलयंत्र मोकळें सोडलें तर २८०० फेरे सहज घेतें. म्हणजे २२ मिलिमीटरच्या भोंकाच्या कडेस मिनिटाला सुमारें १९३ मीटर धांव झाली. सोसते त्याच्या सोळापट! या कामाला घोड्यावर बोट दाबून वेग कमीजास्त करतां येणारें यंत्र हवें. बॅटरीवरील कांहीं यंत्रांना दोन गती असतात. त्यांतील हळू गति येथें फार उपयोगी. भिंतीसाठीं ठोके मारण्याची जी व्यवस्था यंत्रांत असते ती मात्र आठवणीनें बंद करावी.

हत्यार निवडण्यापूर्वीं भोंकाचें माप निश्चित केलें पाहिजे, आणि येथें पुष्कळ लोक फसतात. दुकानांत 'अर्ध्या इंचाची तोटी' मागितली म्हणून भोंकहि अर्ध्या इंचाचें, म्हणजे १२.७ मिलिमीटरचें, असें धरून चालूं नये. नळाच्या आट्यांचीं हीं नांवें जुन्या नळीच्या आंतील पोकळीवरून पडलेलीं आहेत. अर्ध्या इंचाच्या नळाच्या आट्यांचा बाहेरील व्यास जवळ जवळ २१ मिलिमीटर भरतो. पाव इंचाचा १३.२, तीन अष्टमांश इंचाचा १६.७ आणि पाऊण इंचाचा २६.४. तेव्हां अर्ध्या इंचाच्या तोटीस भोंक २१ व २२ मिलिमीटरच्या दरम्यान हवें. माठांकरितां विकल्या जाणाऱ्या लहान तोट्यांचीं व मेणबत्तीच्या देठांचीं मापें एकसारखीं नसतात. म्हणून वस्तु आधीं हातांत घ्यावी, व्हर्निअरनें तिच्या आट्या मोजाव्या व मगच हत्याराकडे वळावें. भोंक अर्धा मिलिमीटर सैल असेल तर वॉशर तें झांकतो. अर्धा मिलिमीटर तंग असेल तर कानस घेऊन तासभर बसावें लागतें.

आतां हत्यारें एकेक करून पाहूं. पहिला अर्थातच साधा पिळाचा बिट. स्टेनलेससाठीं त्यांत कोबाल्ट मिसळलेला घ्यावा. ५ टक्के किंवा ८ टक्के कोबाल्टचे बिट मिळतात व ते तापले तरी धार टिकवितात. सोनेरी मुलाम्याचे बिट दिसावयास देखणे, पण तो गुण केवळ पृष्ठावरचा. एकदां धार लावली कीं टोंकावरून तो निघून जातो. कोबाल्ट मात्र अंगांतच मुरलेला असतो. टोंकाचा कोन १३५ अंशांचा व टोंक चिरलेलें असावें, म्हणजे तें गुळगुळीत पृष्ठावर घसरत नाहीं. हा बिट ठिसूळ असल्यामुळें तिरका जोर दिल्यास मोडतो. ३ पासून ८-१० मिलिमीटरपर्यंतच्या भोंकांना त्याच्यासारखें दुसरें साधन नाहीं. त्यापुढें मात्र तो पातळ पत्र्यास उपयोगी नव्हे. घरगुती भांड्याचा पत्रा अर्ध्यापासून एक मिलिमीटर जाडीचा; त्यांतून मोठ्या बिटाचें टोंक पार झालें कीं कडांना आधार राहत नाहीं, बिट पत्र्याला हिसका देतो आणि गोल भोंकाऐवजीं तिकोनी भोंक पडतें.

दुसरें हत्यार स्टेप ड्रिल. शंकूच्या आकाराचें, देवळाच्या शिखरासारखें एकावर एक पायऱ्या असलेलें हें पातें पातळ पत्र्यासाठींच जन्मलें आहे. एकेक पायरी भोंक थोडें थोडें वाढवीत जाते, भोंक गोलच राहतें, आणि पुढच्या पायरीच्या कडेनें आधीच्या भोंकाची कच हलकेच मारतां येते. एकाच हत्यारांत तोटीचें, मेणबत्तीचें व उष्णतामापकाचें अशीं अनेक भोकें होतात, हा त्याचा मोठा फायदा. विकत घेतांना दोन गोष्टी पाहाव्या. आपणांस हवी ती पायरी त्यावर आहे काय, कारण इंचांच्या पायऱ्या व मिलिमीटरच्या पायऱ्या निरनिराळ्या असतात. आणि पायरीची उंची पत्र्याच्या जाडीहून अधिक आहे काय. नसेल तर दोन पायऱ्या एकाच वेळीं कापूं लागतात व हत्यार अडकतें. अगदीं स्वस्त स्टेप ड्रिल पितळेला व ॲल्युमिनिअमला चालेल; स्टेनलेसवर एका भोंकांतच त्याची धार जाते.

तिसरें होल-सॉ, म्हणजे पेल्याच्या कडेला दांते काढावे तशी गोल करवत. मध्यें एक लहान बिट असतो, तो वाट दाखवितो. दोन धातूंची साधी होल-सॉ मऊ लोखंडास चांगली. स्टेनलेसवर ती चालते, पण तिचे दांते लौकर झिजतात. टंगस्टन कार्बाइडचे दांते बसविलेली आंखूड करवत यापेक्षां पुष्कळ सरस. जाड पत्र्याला आणि २५ मिलिमीटरच्या वरच्या भोंकांना हीच बरी. परंतु कार्बाइडचे दांते कणखर तितकेच ठिसूळ असतात. पिंपाच्या वाटोळ्या भिंतीवर करवतीची एक बाजू आधीं टेकते, आणि तेवढ्यांत हात तिरका झाला तर दांता उडतो. म्हणून ती धरणारा हात स्थिर असावा व घाई मुळींच नसावी.

चौथें हत्यार पंच व डाय. याचें तत्त्वच निराळें आहे. आधीं बोल्टापुरतें लहान भोंक पाडावयाचें, भांड्याच्या एका बाजूस वाटीसारखी डाय व दुसऱ्या बाजूस धारेचा पंच ठेवावयाचा, आणि पान्यानें बोल्ट आंवळीत जावयाचा. पत्रा कातरीनें कापल्यासारखा कापला जातो. येथें फेरे नाहींत, म्हणून घर्षण नाहीं, ताप नाहीं, कीस नाहीं. भोंक असें स्वच्छ पडतें कीं पाहणाऱ्यास तें कारखान्यांतलें वाटावें. विजेच्या पेट्या करणाऱ्या कारागिरांकडे हें हत्यार असतें. मात्र यांतहि दोन खांचखळगे आहेत. मऊ लोखंडासाठीं केलेला पंच स्टेनलेसवर चालविल्यास त्याची धार तुटते. म्हणून तो स्टेनलेसला चालतो असें विक्रेत्याकडून स्पष्ट वदवून घ्यावें. आणि पंचावरील आंकडा हें पुष्कळदां भोंकाचें माप नसून विजेच्या नळीचें माप असतें: अर्ध्या इंचाच्या नळीचा म्हणून मिळणारा पंच २२ मिलिमीटरच्या थोडें वरच भोंक पाडतो. योगायोगानें तें आपल्या अर्ध्या इंचाच्या तोटीस बहुधा जमतें. तरी प्रत्यक्ष मोजल्यावांचून विसंबूं नये.

वर्ज्य हत्यारेंहि सांगितलीं पाहिजेत. भिंतीचा बिट हा ठोक्यांनीं वीट फोडण्यासाठीं आहे. त्यास पोलाद कापण्याची धारच नसते. हिऱ्याच्या कणांची नळी कांच व फरशी यांकरितां असते. खिळा आणि हातोडा पितळेला एक वेळ चालेल. स्टेनलेस त्यानें फाटतें, आणि फाटलेल्या कडेवरून चीर पुढें जाते. लहान लहान भोंकांचें वर्तुळ काढून मधला तुकडा पाडण्याची व कानशीनें गोल करण्याची जुनी रीत आहे. ती अशक्य नव्हे; पण एवढे कष्ट घेऊनहि वॉशर बसेल इतकी गोलाई साधेलच असें नाहीं.

मग निवड कशी करावी? भोंकें किती, केवढीं व पत्रा किती जाड, या तीन प्रश्नांवर. १० मिलिमीटरपर्यंतचें एखादें भोंक हवें तर एक लहान व एक मापाचा असे कोबाल्टचे दोन बिट पुरेत. एका पिंपास तोटी बसवावयाची आहे, पुढेंमागें आणखी दोन डब्यांना बसवूं असा विचार आहे, तर चांगल्या प्रतीचें एकच स्टेप ड्रिल घ्यावें. सामान्य घराला हेंच सर्वांत सोईचें, असें आमचें मत आहे. एकाच मापाचीं पुष्कळ भोंकें पाडावयाचीं असतील, जसें एखाद्या शाळेला किंवा मंगल कार्यालयाला दहाबारा पिंपें सिद्ध करून द्यावयाचीं असतील, तर पंचाचा खर्च वसूल होतो. जाड पत्रा व मोठें भोंक असेल तर कार्बाइडची करवत. आणि आयुष्यांत एकच भोंक हवें असेल तर कांहींच विकत घेऊं नये! तोटी खिशांत घालून भांडें तालुक्याच्या गांवीं पत्र्याचें काम करणाऱ्याकडे न्यावें. मात्र त्याच्याकडे स्टेप ड्रिल किंवा पंच आहे काय, हें आधीं विचारावें. कांहीं कारागीर वितळजोडाच्या ज्योतीनें भोंक जाळून देतात. तसें करूं देऊं नये. जळलेल्या कडेचा राखणदार थर जातो व तेथें पुढें गंज धरतो.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम असा. तोटीची जागा बुडापासून सुमारें ४-५ सेंटिमीटर वर घ्यावी, म्हणजे तळचा गाळ पेल्यांत येणार नाहीं आणि आंतून नट फिरवावयास बोटांना जागा राहील. तेथें कागदी पट्टी चिकटवून खूण करावी. भांड्याच्या आंत लांकडाचा ठोकळा दाबून धरावा व बाहेरून सेंटर पंचनें एकच हलका ठोका द्यावा. दहा ठोके दिले तर तीच जागा कठीण होऊन बसेल. भांडें गोणपाटावर आडवें ठेवून दोन्ही बाजूंनीं लांकडाच्या पाचरी ठोकाव्या व दुसऱ्या मनुष्यानें तें घट्ट धरावें. आधीं ३ मिलिमीटरचें भोंक, मग मोठें हत्यार. तासकामाचें तेल मिळाल्यास उत्तम; एकदोन भोंकांसाठीं खाण्याचें गोडें तेलहि भागतें, आणि भांडें पाण्याचेंच असल्यानें धुवावयास तें सोईचें. काम नीट चाललें आहे कीं नाहीं तें किसावरून कळतें. अखंड, गुंडाळलेला, रुपेरी कीस निघत असेल तर समजावें कीं हत्यार कापीत आहे. भुकटी पडूं लागली, कीस निळा झाला किंवा धूर दिसला तर तत्क्षणीं थांबावें, तेल घालावें आणि धार तपासावी. अडलेल्या जागीं जोरानें रेटीत राहणें म्हणजे त्या जागेस अधिकच पोलादी करणें होय.

या कामांत अंगास इजा होण्याचा संभव खरोखर आहे, म्हणून थोडें सांगणें अवश्य वाटतें. पार होण्याच्या क्षणीं पातें पत्र्यांत अडकतें व न धरलेलें भांडें गरकन फिरून मनगट मोडूं शकतें; म्हणून शेवटीं दाब कमी करावा, पण फेरे वाढवूं नयेत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. हातमोजे फिरत्या पात्याजवळ घालूं नयेत. तें पातें मोजा ओढतें व त्याबरोबर बोटेंहि. धोतराचा सोगा, पदर, ओढणी, मोकळे केंस हीं सर्व खोंचून अगर बांधून घ्यावीं. कीस वस्तऱ्यासारखा धारदार असतो. तो हातानें न झाडतां ब्रशानें गोळा करावा, आणि रांगणारें मूल घरांत असेल तर जमीन दोनदां पुसावी. भांड्यांत व भोंवतीं पाण्याचा थेंबहि नसावा, कारण यंत्र विजेचें आहे.

भोंक पडलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. दोन्ही कडांची कच बारीक कानशीनें काढावी; ती राहिली तर वॉशर कापला जातो व भांडें घासणाऱ्याचें बोटहि. ही कानस पूर्वीं लोखंडावर वापरलेली नसावी, कारण तिच्या दांत्यांतील लोखंडाचे कण पोलादांत रुततात व चार दिवसांनीं तेथें तांबूस ठिपके दिसूं लागतात. मग लोक म्हणतात, 'स्टेनलेस गंजलें'. गंजलेलें असतें तें रुतलेलें लोखंड. यावर उपाय सोपा आहे. भांडें साबणानें धुवून तेलाचा अंश काढावा, आणि एक लिटर कोमट पाण्यांत ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक आम्ल, विरघळवून त्यांत भिजलेलें फडकें भोंकाच्या कडेला अर्धा तास लावून ठेवावें. आम्ल सुटे लोखंड विरघळवितें व क्रोमिअमच्या थराला पुन्हां बसावयास मोकळी जागा करून देतें. नंतर स्वच्छ पाण्यानें धुवावें.

तोटी शक्यतों स्टेनलेसचीच घ्यावी. पितळेच्या तोटींत तासकामास सोपें जावें म्हणून बहुधा थोडें शिसें मिसळलेलें असतें. तोटींत रात्रभर उभ्या राहिलेल्या पाण्यांत त्याचा अंश उतरूं शकतो, आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक आहे. त्याच कारणास्तव गळती थांबविण्यासाठीं शिशाचा डाग कधींहि देऊं नये. वॉशर अन्नास योग्य अशा सिलिकोनचे, मऊ व जाड असावे, एक आंतून व एक बाहेरून. जाडी कां, तें पाहा: ३० सेंटिमीटर व्यासाच्या पिंपावर ३५ मिलिमीटरचा वॉशर टेकविला तर त्याच्या कडा भिंतीपासून सुमारें १ मिलिमीटर सुटतात, २० सेंटिमीटरच्या डब्यावर दीड मिलिमीटर. एवढी फट मऊ वॉशरनेंच भरते. पातळ रबराची चकती घालून नट कितीहि आंवळला तरी पत्रा चेपतो, पण पाणी गळावयाचें राहत नाहीं.

नट हातानें घट्ट करून मग पान्यानें फक्त पाव फेरा द्यावा. भांडें कांठोकांठ भरून तिवईवर ठेवावें, खालीं कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरावा आणि रात्रभर तसेंच राहूं द्यावें. सकाळीं कागद कोरडा निघाला तर तें पाणी झाडांना घालून भांडें पुन्हां एकदां धुवावें व वापरावयास काढावें. कागदावर डाग दिसला तर नट अधिक न आंवळतां सोडवून वॉशर पाहावा. दोष बहुधा तेथें किंवा न काढलेल्या कचेंत सांपडतो. आणि तोटी लागली म्हणून झांकण उघडें टाकूं नये, व आठवड्यांतून एकदां तोटीहि सोडवून आंतून धुवावी. कारण हात आंत जाऊं नये म्हणून आपण एवढा खटाटोप केला, तो उघड्या झांकणानें किंवा मळलेल्या तोटीनें व्यर्थ जावयाचा.